मानेची खूण

१

सकाळी साडेनऊ ते साडेबारा माझ्या दाराची घंटा कुणी वाजवत नाही. शेजारीपाजारी, पेपरवाला, कुरिअरवाला, सगळ्यांना हे पाठ आहे. गेली तीस वर्षं त्या तीन तासांत मी पियानोवर बसलेली असते, आणि चुकून कुणी घंटा वाजवलीच तर मी दार उघडून काय बोलते, हे आमच्या इमारतीत मोठ्या चवीने सांगितलं जातं.

खोली फार मोठी नाही. दोन पियानो, एक माझा आणि एक विद्यार्थ्यांचा. स्वरलिपीच्या पुस्तकांचं एक कपाट, खिडकीला जाड पडदा, कपाटाशेजारी एक लाकडी खुर्ची. पंखा मी लावत नाही, पुस्तकाची पानं उडतात.

त्या सकाळी मी सोनाटाचा, म्हणजे तीन भागांच्या एका लांब पियानो रचनेचा, तिसरा भाग वाजवत होते. पाच आठवड्यांवर कार्यक्रम आला होता. सातव्या पानाच्या तळाशी डाव्या हाताला लांब लांब उड्या आहेत आणि उजवा हात वरच्या पट्ट्यांवर थरथरत ठेवायचा आहे. पान उलटायला हात मोकळा नसतो. घरी मी तिथे थांबते, पान उलटते आणि पुढे जाते. त्या दिवशी मात्र आठव्या पानाच्या चौथ्या ओळीवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी थांबलेच नव्हते.

मी हात उचलले. आठवं पान समोर सपाट पडलं होतं. कुणी उलटलं? मीच, दुसरं कोण! तीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप गेला असेल. माणूस दाराला कुलूप लावतो आणि जिन्यात आल्यावर लावलं की नाही ते आठवत नाही, तसंच.

मग मी पानाच्या वरच्या कोपऱ्याला हात लावला. तो ओलसर होता. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला मी वर्गातून बाहेर काढते, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत आहे. मी रुमालाने कोपरा टिपला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

२

अकरा वर्षं मी मंचावर गेले नव्हते. का, तेही सांगून टाकते, कारण गावभर कुजबुजून सांगितलं गेलंच आहे.

ह्या तिसऱ्या भागात एकच धून दोनदा येते. पहिल्यांदा तिच्या शेवटी एका बाजूला वळायचं, दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांदा चुकून पहिलं वळण घेतलं, की तुम्ही परत मागे जाऊन पोचता आणि तीच धून पुन्हा सुरू होते. मी ह्याला चकवा म्हणते. भल्याभल्यांना तो लागतो, आणि बहुतेक जण एका फेरीत बाहेर पडतात. मी भरलेल्या सभागृहात तीन फेऱ्या मारल्या. चौथ्यांदा तेच वळण समोर दिसलं तेव्हा मी पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले आणि उठून आत गेले. लोकांना वाटलं, मला बरं नाही. काहींनी टाळ्याही वाजवल्या, त्याचं दुःख जास्त झालं.

त्यानंतर मी फक्त शिकवलं. आता ह्या वयात पुन्हा बोलावणं आलं होतं, आणि मी एका अटीवर हो म्हटलं होतं: मी पाठ वाजवणार नाही, पुस्तक समोर ठेवून वाजवणार. पुस्तक ठेवायचं म्हणजे पान उलटणारं माणूस हवं. ते वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसतं. वाजवणाऱ्याने मान हलवली की उठायचं, पान उलटायचं, बसायचं. एवढंच काम, पण वेळ चुकली की वाजवणारा गेला कामातून. माझी तर एक खोड आहे. माझे डोळे हाताच्या पुढे धावतात, म्हणून मी मान अर्धी ओळ आधीच हलवते. नवखी माणसं त्या खुणेने गडबडतात.

पानाचा कोपरा ओला सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग केलं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते, कान लाड करतात, रेकॉर्डिंग करत नाही.

सातव्या पानाच्या शेवटी खुर्ची करकरली. मग कागदाचा आवाज. मग पुन्हा खुर्ची. वाजवणं कुठेही तुटलं नव्हतं, दोन्ही हातांचे सगळे स्वर जागच्या जागी होते. चौदा पानांत प्रत्येक पान उलटताना असंच झालं, आणि प्रत्येक वेळी पान अर्धी ओळ थांबून, अगदी हवं तेव्हा उलटलं होतं. हिला माझी खोड माहीत होती.

'हिला' असं माझ्या मनात का आलं, मला सांगता येणार नाही. मी मागे वळून पाहिलं. कपाटाशेजारची खुर्ची माझ्या पियानोच्या डाव्या बाजूला होती. कालच्या पोरांनी सरकवली असेल, असं म्हणून मी ती उचलून जागेवर ठेवली.

३

त्याच आठवड्यात ट्यूनरकाका आले. पियानो सुरात लावायला ते वर्षातून दोनदा येतात. कान तेवढे शाबूत आहेत, बाकी सगळं दुरुस्तीला आलंय, असं ते स्वतःच सांगतात.

दोन तास तारा पिळून झाल्यावर ते हत्यारं गुंडाळत म्हणाले, "बाई, इथे टेकतं कोण?"

"कुठे?"

त्यांनी पियानोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथलं काळं पॉलिश तळहाताएवढं उडालं होतं. खालचं लाकूड गुळगुळीत, तेलकट दिसत होतं.

"पोरं टेकत असतील," मी म्हटलं.

"पोरं त्या पियानोवर बसतात ना? तुमच्याला हात लावायची कुणाची छाती आहे!" ते हसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. "सहा महिन्यांमागे हे नव्हतं. आणि सहा महिन्यांत असं होतही नाही. रोज कुणीतरी इथे हात टेकून उठलं, बसलं, उठलं, तर दहा-बारा वर्षांनी लाकूड असं दिसेल."

"मग?"

"मग माझे डोळे गेले, दुसरं काय. पुढच्या वेळी पॉलिश घेऊन येतो."

ते गेल्यावर मी तिथे हात टेकून पाहिला. खुर्चीवरून उठताना हात जिथे जाईल, नेमकी तीच जागा होती. माझा तळहात त्या डागात नीट बसला, आणि मी तो घाईघाईने काढून घेतला.

४

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी माझ्याकडे शिकते. वय सतरा. झोपेतही बोलते म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. घरातली मुलगी म्हणून नाही सांगत, पण माझ्या हाताखालून गेलेल्या दीडशे पोरांत असे हात मी पाहिले नाहीत. दोन महिन्यांवर तिची संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. मी जिथे पोचून घसरले, त्याच्या पुढे ती जाणार, ह्या एका आशेवर मी ती अकरा वर्षं काढली होती. माझ्या कार्यक्रमात पानं उलटायला तीच बसणार होती.

शिकवताना मी बऱ्याचदा स्वयंपाकघरात जाऊन ऐकते. समोर बसलं की मूल माझ्या चेहऱ्याकडे बघून वाजवतं. भिंतीआडून खरं काय ते कळतं. त्या दुपारी मी चहा टाकला होता आणि टिटवी आत परीक्षेचा नवीन तुकडा पुस्तकातून वाजवत होती.

"टिटवे, डावा हात जड येतोय!" मी ओरडले.

तो हलका झाला. तुकडा संपेपर्यंत चहा उकळला. मी दोन कप घेऊन खोलीत गेले.

"मावशी," ती पुस्तकातून डोळे न काढता म्हणाली, "तू पान जरा उशिरा उलटतेस हं. माझी मान तुझ्यासारखी आधी हलत नाही. मी मान हलवली की लगेच उलट ना."

"मी कुठे उलटलं?"

"आत्ता नाही का, तिन्ही वेळा!"

माझ्या हातात दोन भरलेले कप होते. तिने मागे वळून ते पाहिले. मग तिने तिच्या डाव्या बाजूला पाहिलं. खुर्ची आता तिच्या पियानोजवळ होती.

"तू... तिकडून बोललीस का मघाशी?"

"उलटणाऱ्याकडे बघायचं नाही, पानाकडे बघायचं, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं.

"तूच."

"मग झालं तर. चहा घे, गार होतोय."

ती हसली, पण चहा संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. टिटवी गप्प, म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तिने खरं काय ते विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. ते खोटं होतं.

५

कारण मला ते आवडायला लागलं होतं. लाज वाटते, पण लिहायचंच तर खरं लिहावं.

मी मान हलवायची आणि पान उलटायचं. मी एकदाही डावीकडे पाहिलं नाही. अकरा वर्षं ते वळण जवळ आलं की माझे हात अडखळायचे. आता तिथे पान वेळेवर समोर यायचं आणि मी सरळ पार व्हायची. एका सकाळी मी तिसरा भाग लागोपाठ सहा वेळा वाजवला. सहाही वेळा एक चूक नाही.

फक्त एक होतं. रोज कोपरे टिपायला रुमाल लागायचा. आणि वाजवून उठल्यावर मी दाराकडे जाताना नकळत पावलं मोजायची, माझी आणि आणखी कुणाची.

६

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी टिटवी पानं उलटायच्या सरावाला आली. तिने स्वतः खुर्ची आणली, माझ्या डावीकडे ठेवली आणि तिच्यावर ऐटीत बसली.

मी वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या पानाशी मी मान हलवली. ती उठली, आणि पान तिच्या डोळ्यांसमोर उलटलं.

"अगं! तू कसं उलटलंस? तुझे दोन्ही हात तर..."

"बोलू नको. लक्ष दे."

मला थांबता आलं असतं. माझे हात चालू होते, वाजत छान होतं, आणि मी थांबले नाही. पाचव्या पानाशी तिने माझ्या मानेची वाट न बघता आधीच कोपऱ्याकडे हात नेला. पोरच ती, पैज जिंकायच्या थाटात.

एक बारीक काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि टिटवी किंचाळली.

ती खाली बसून उजव्या हाताने डावा हात धरून होती. डाव्या हाताचं अनामिकेचं बोट मागच्या बाजूला वळून सुजायला लागलं होतं. पाचवं पान उलटलेलं होतं.

"बाजूला केला," ती रडत म्हणत होती. "मावशी, माझा हात कुणीतरी बाजूला केला गं."

डॉक्टर म्हणाले, हाड नाही मोडलं, नशीब. पट्टी बांधा, तीन आठवडे हात वापरू नका. परीक्षेपर्यंत बरं होईल, पण पुन्हा ताण आला तर सांगता येत नाही. माझी बहीण दवाखान्याच्या पायऱ्या उतरून माझ्यापुढे रिक्षाकडे गेली. टिटवीने तिला सांगितलं होतं की पियानोचं झाकण बोटावर पडलं.

रिक्षात बसल्यावर बहीण म्हणाली, "ताई, तुझ्या झाकणाला मऊ पट्टी आहे. ते हळूच बसतं. मी लहानपणापासून बघतेय." मग माझ्याकडे वळून, "काय चाललंय त्या खोलीत?"

"काही नाही. आता काही होणार नाही," मी म्हटलं. "माझ्या गळ्याची शपथ."

टिटवीने चांगला हात माझ्या हातात दिला. "तू मान हलवू नको, मावशी," ती कानाशी म्हणाली. "तू हलवतेस म्हणून येतं ते."

मी तिला वचन दिलं.

७

पुस्तकं मी कपाटात घातली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने टॅबलेट आणून दिला. अख्खा सोनाटा त्यात उतरवला. डाव्या पायाखाली एक बटण ठेवायचं, ते दाबलं की पडद्यावर पुढचं पान येतं. कागद नाही, कोपरा नाही, उलटणारं माणूस नाही. मंचावर डाव्या बाजूला खुर्ची ठेवायची नाही, असं मी सभागृहाच्या व्यवस्थापकाला तीनदा बजावलं. त्याला वाटलं असेल, म्हातारी कलावंत, नखरे असायचेच.

तीन आठवडे मी मान ताठ ठेवून सराव केला. मानेचे स्नायू इतके आखडले की रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपावं लागे. खोलीत खुर्ची करकरली नाही. वाजवणं पूर्वीसारखं झालं, म्हणजे वळणाशी अडखळणं. चालेल म्हटलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी एकटीच मंचावर गेले. माझ्यामागून कुणी आलं नाही, खुर्ची नव्हती. टिटवी पडद्याआड उभी होती, बोटाची पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती. येऊ नको असं मी बजावूनही ती आली होती.

पहिला भाग बरा गेला. दुसरा चांगला गेला. तिसऱ्यात मी दहाव्या पानावर पोचले, धून दुसऱ्यांदा आली, आणि मी पायाने बटण दाबलं.

पान हललं नाही.

पुन्हा दाबलं. टॅबलेटवर दहावं पान तसंच. हात तर थांबत नाहीत. वळण आलं आणि हात जिकडे अकरा वर्षांपूर्वी गेले होते तिकडेच गेले. चकव्याची पहिली फेरी. सभागृहात अजून कुणाला कळलं नव्हतं. मी बटण दाबत राहिले, घोटा दुखेपर्यंत. डोक्यात पुढचा एक स्वर नव्हता. कुणी पुसून घ्यावं तसं सगळं पुसलं गेलं होतं. धून पुन्हा सुरू झाली. दुसरी फेरी. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं, आणि मला ती खोकल्याची जात ओळखू आली. काहीतरी चुकतंय हे कळायला लागलं की लोक असे खोकतात.

वळणाला दोन ओळी राहिल्या होत्या. मला टिटवीचं बोट आठवलं. मला वचन आठवलं, नाही म्हणत नाही. मग मला ते सभागृह आठवलं, मांडीवर ठेवलेले माझे हात आठवले.

मी मान हलवली.

अर्धी ओळ काही झालं नाही. मग अकरावं पान समोर आलं. काचेवर एक ओला पट्टा होता, बोट ओढल्याचा, आणि तो सावकाश वाळत होता. पट्ट्यांच्या मागे पियानोचं काळं झाकण असतं, त्यात वाजवणाऱ्याला आपले हात दिसतात. मी इतक्या वर्षांत तिकडे बघायचं टाळायला शिकले आहे. त्या क्षणी नजर गेली. माझे दोन हात होते. त्यांच्या डावीकडे एक काळी बाही होती आणि तिच्यातून आलेला हात खाली येऊन, घरच्या पियानोचं लाकूड झिजलं होतं त्याच जागी, कडेला टेकला. नखं माझ्यासारखीच आखूड कापलेली होती.

त्यानंतर मी तिकडे पाहिलं नाही, मानही हलवली नाही. हलवायची गरजच पडली नाही. पानं येत राहिली.

८

तसं मी आयुष्यात कधी वाजवलं नाही. शेवटचा स्वर विरला तेव्हा मी सुखी होते, अगदी पोटातून सुखी, आणि ते मला आजही माफ करता येत नाही. लोक उभे राहिले होते. मी तीनदा वाकून नमस्कार केला.

पान उलटणाऱ्या माणसाला एक शिस्त असते. त्याने काळे कपडे घालायचे, टाळ्या पडतात तेव्हा बसून राहायचं, वाकायचं नाही. वाजवणारा आत निघाला की उठायचं आणि दोन पावलं मागून चालायचं. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मी पडद्याकडे चालायला लागले. मंचाच्या लाकडावर माझे जोडे वाजत होते. मी पावलं मोजली नाहीत. मी टाळ्यांकडे लक्ष दिलं.

टिटवी पडद्याआड रडत होती, हसत होती, जोरजोरात टाळ्या वाजवत होती. "मावशी! मावशी, काय वाजवलंस!" ती पुढे आली, मला मिठी मारायला.

मग ती थांबली. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

ती जागा अरुंद होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. टिटवी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिने मला वाट दिली. मी तिच्यासमोरून गेले. ती तशीच चिकटून राहिली, श्वास रोखून, अजून कुणाला तरी वाट देत.

"टिटवे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीशी घट्ट दाबून धरले.